पंखफळ

फाल्गुनात वांकिडीच्या रानात चालताना पायाखाली दोन आवाज येतात. एक सागाच्या वाळल्या पानांचा, पापड मोडावा तसा. दुसरा त्याच्या आतून येणारा, बारीक, जुन्या वहीचं पान चुरगळावं तसा. हा दुसरा आवाज बिजाच्या फळांचा.

बिजा म्हणजे बिबळा, बिजासाल. आमच्याकडे बंडीच्या चाकापासून दाराच्या चौकटीपर्यंत सगळ्याला चालणारं लाकूड. खोडावर कुऱ्हाडीचा घाव बसला की त्यातून लाल रस गळतो, अगदी रक्तासारखा, आणि वाळला की त्याचे काचेसारखे खडे होतात. एवढ्या दणकट झाडाचं फळ मात्र फुंकरीनं उडावं असं. चपटं, गोल, तळहाताच्या खोलगट भागात मावेल एवढं. मधोमध एक टणक गाठ, त्या गाठीत बी, आणि गाठीच्या चहूबाजूंनी कागदी झालर. उन्हासमोर धरलं तर झालरीतल्या शिरा दिसतात. त्या मधल्या गाठीपासून निघून कडेकडे जातात आणि जाता जाता एकमेकींत मिसळतात. ही नक्षी मी पहिल्यांदा पाहिली ती आबाजींच्या, माझ्या आजोबांच्या, हातावर. तिसरी-चौथीत असेन. त्यांनी ते फळ बोटांच्या चिमटीत धरून वाऱ्यावर सोडलं. ते गिरक्या घेत लांब जाऊन पडलं.

"पाहा, हे फळ नोहे, पाखरू होय," आबाजी म्हणाले. "झाडाले पाय नाही देल्ले देवानं, म्हणून त्याच्या लेकरायले पंख देल्ले."

हे वाक्य माझ्याजवळ पुढं बरीच वर्षं नुसतं पडून होतं.

वांकिडी कुठं आहे हे बाहेरच्या माणसाला सांगायचं तर आसिफाबादहून राजुऱ्याकडे, चंद्रपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर. आमच्यानंतर हद्द, हद्दीपलीकडे लक्कडकोट. निजामाच्या काळात हा सगळा आदिलाबाद जिल्हा. 1956 साली भाषेप्रमाणं राज्यं आखली तेव्हा याच जिल्ह्यातले राजुरा आणि किनवट तिकडे, मराठी मुलखात गेले. आम्ही इकडे राहिलो. आंध्र प्रदेश झाला, 2014 साली तेलंगणा झाला, 2016 साली आदिलाबादेतून फुटून आमचा कुमुरम भीम आसिफाबाद जिल्हा झाला. शेजारच्या केरामेरी आणि जिवतीच्या डोंगरात तर अशी गावं आहेत की ज्यांवर दोन्ही राज्यं हक्क सांगतात. घरात आमची मराठी, शाळेत तेलुगू, कचेरीच्या जुन्या कागदांवर उर्दू, आणि शेतात सोबतीनं राबणाऱ्या बायांच्या तोंडी गोंडी. एका दिवसात चार भाषांमधून जाणं आम्हाला चार घरांमधून जाण्याइतकं सोपं होतं. एका घरी पाणी प्यायचं, दुसऱ्या घरी ताक.

माझा मामेभाऊ राजुऱ्याला, मराठी शाळेत. दिवाळीत तो आला की आम्ही पुस्तकं शेजारी ठेवून पाहायचो. दोघांच्याही विज्ञानाच्या पुस्तकात तेच हिरवं पान, तोच सूर्य, तेच बाण. त्याच्या पुस्तकात त्याखाली प्रकाशसंश्लेषण. माझ्या पुस्तकात किरणजन्य संयोगक्रिया. मला माझंच नाव आवडायचं. किरणांपासून जन्मणारी जोडणी! त्याच्या पुस्तकात सजीवाच्या शरीराचा सगळ्यात लहान भाग म्हणजे पेशी, माझ्या पुस्तकात कणम्. तो मोठ्यानं धडा वाचत होता, पेशी, पेशी, पेशी. ओसरीवर आबाजी बसले होते. त्यांनी काळजीनं विचारलं, "कोणाची पेशी हाय रे? कधीची?" त्यांच्या आयुष्यात पेशी एकच, कोर्टातली. जमिनीच्या एका दाव्यापायी त्यांनी आसिफाबादच्या खूप पेश्या केल्या होत्या.

त्या दिवशी आम्हाला ठाऊक नव्हतं की मूळ इंग्रजी शब्दसुद्धा असाच एका घरातून दुसऱ्या घरात आलेला आहे. 1665 साली रॉबर्ट हुकनं बुचाची पातळ चकती भिंगाखाली धरली आणि त्यातले रिकामे कप्पे पाहून त्यांना सेल म्हटलं. लॅटिनमध्ये सेला म्हणजे लहानशी खोली, कोठी. धान्याची असेल, मठातल्या साधूची असेल. भाषांची कुळं शोधणारे पुष्कळ अभ्यासक या सेलाला संस्कृतातल्या शालेची बहीण मानतात. दोघींच्या मुळाशी झाकणं, आसरा देणं. म्हणजे आमच्या अंगातली प्रत्येक पेशी ही एक शाळा. हे त्या दिवाळीत कुणी सांगितलं असतं, तर आम्ही दोघांनी जीवशास्त्र किती वेगळ्या तऱ्हेनं वाचलं असतं!

पण तसं कुणी सांगत नाही. दहावीनंतर मी बायपीसी, म्हणजे जीवशास्त्राचा गट, घेतला. आता पुस्तकं इंग्रजी झाली. वनस्पतीशास्त्राच्या तासाला फळ्यावर नावांची रांग लागली आणि एकेक नाव वाचायला एकेकाला उभं केलं. माझ्या वाट्याला आलेलं नाव 'पी'नं सुरू होत होतं, पुढं 'टी'. मी दिसलं तसं वाचलं: प्टेरोकार्पस. वर्ग हसला. पी सायलेंट असतो, टेरोकार्पस म्हणायचं, असं मला सांगण्यात आलं आणि ते नाव वीस वेळा लिहायला लावलं. मी लिहिलं. शिक्षेचं मला आज काही वाटत नाही. वाईट याचं वाटतं की त्या खोलीच्या खिडकीतून रान दिसत होतं, त्या रानात हे झाड उभं होतं, आणि वर्षभरात एकदाही कुणी म्हणालं नाही की टेरोकार्पस मार्सुपियम म्हणजे बिजा. मी परीक्षेत ते नाव लिहून गुण मिळवले. ते झाड आपल्या ओळखीचं आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

ते कळलं पुढं, कॉलेजच्या ग्रंथालयात, एका जाडजूड शब्दकोशात. टेरॉन म्हणजे पंख. कार्पॉस म्हणजे फळ. पंखफळ. मी ते पान उघडं ठेवून किती वेळ बसले, आठवत नाही. डोळ्यांपुढं आबाजींचा हात होता. ज्यांना लॅटिनचं एक अक्षर ठाऊक नव्हतं त्या माणसानं ओळख करून देताना बरोबर तेच सांगितलं होतं जे नाव देणाऱ्यानं सांगितलं: हे फळ उडतं. दोघांनी एकच वस्तू हातात धरली होती, एवढंच त्याचं कारण.

त्याच नोंदीत खाली बारीक अक्षरात आणखी एक गोष्ट होती. ग्रीक टेरॉन ज्या धातूपासून आला त्याचाच संस्कृत भाऊ 'पत्'. उडणं, पडणं. त्यापासून पतंग, त्यापासून पतन आणि त्यापासूनच पत्र. पत्र म्हणजे आधी पाखराचं पीस, पंख. मग झाडाचं पान, मग लिहिलेलं पान, मग टपालानं येणारं पत्र. आणि ग्रीक लोक सुरुवातीचा तो 'प' उच्चारत असत. इंग्रजांच्या जिभेला 'प्ट' जड गेला म्हणून तो त्यांनी गिळला. ज्या 'प'वर वर्ग हसला होता, तो पत्राचा, पानाचा, पतंगाचा 'प' होता. तो माझ्या तोंडात आला ही चूक नव्हती.

दुसरा शब्द मार्सुपियम. ग्रीकमधून लॅटिनमध्ये गेलेला. अर्थ थैली, पैशांचा बटवा. कांगारूच्या कुळाला मार्सुपियल म्हणतात ते याच थैलीमुळं. बिजाच्या फळाकडे पुन्हा पाहिलं की माझ्या आजीची चंची दिसते. तीच गोलाई, आत काहीतरी जपून ठेवल्याचा तोच फुगवटा. आजीच्या चंचीत पान, सुपारी, कात असायचा, आणि सगळ्यात आतल्या कप्प्यात, पदराआड, दोनचार नाणी. बिजाच्या चंचीत एक बी.

हे नाव दिलं विल्यम रॉक्सबर्ग या स्कॉटिश डॉक्टरनं. तो 1751 साली जन्मला, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रासला आला आणि 1781च्या सुमारास गोदावरीच्या मुखाजवळ सामलकोटला राहिला. तिथं त्याची बाग होती. 1793 साली तो कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख म्हणून गेला. कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतींवरचे त्याचे मोठे चित्रग्रंथ 1795पासून निघू लागले. आमच्या ओढ्यांचं पाणी शेवटी प्राणहितेतून गोदावरीलाच मिळतं. त्याच नदीच्या खालच्या टोकाला राहिलेल्या या माणसानं आमच्या रानातल्या किती झाडांना शास्त्रीय नावं दिली पाहा: बिजा, टेंभुर्णी, सालई, आणि बांबूसुद्धा. बांबूचं त्यानं ठेवलेलं मूळ नाव पुढं थोडं बदललं. आज ते डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस असं आहे.

या नावापाशी मला जरा थांबायचं आहे.

डेंड्रॉन म्हणजे झाड. कॅलॅमस मूळ ग्रीक कालामॉस, म्हणजे बोरू, देवनळ. स्ट्रिक्टस हा लॅटिन, म्हणजे ताठ, सरळ, आवळलेला. 'झाडाएवढा ताठ बोरू.' आमच्याकडचा बांबू तसाच असतो, आतून जवळजवळ भरीव, काठीसाठी एक नंबर. ग्रीक लोक त्या कालामॉसची लेखणी करायचे. अरबीत तो शब्द कलम होऊन गेला, अरबी-फारसीतून उर्दूत आला, आणि आपल्याकडे तर घरचाच झाला. मराठीत कलम म्हणजे लेखणी, कलम म्हणजे आंब्याचं कलम, आणि कलम म्हणजे कायद्याचं कलम. तेलुगूतही लेखणीला कलम म्हणतात. वांकिडीच्या चारांपैकी तीन घरांत तर हा शब्द पोहोचलेला आहे.

आणि आमच्या जिल्ह्यात बांबूचं काय झालं? कागद झाला. कागजनगरचा सिरपूर पेपर मिलचा कारखाना 1938चा. पिढ्यान् पिढ्या आमच्या डोंगरांतला बांबू तोडून, ट्रकांत भरून तिकडे गेला. त्याचा लगदा झाला, लगद्याचे ताव झाले. आमच्या शाळेच्या वह्या कुठल्या कागदाच्या होत्या ते मी सांगू शकत नाही. पण बोरूचं नाव वागवणारं झाड कागद होऊन लेखणीखाली येतं, हे मला जेव्हा उमगलं तेव्हा मी हातातलं पेन खाली ठेवलं. वीस वेळा नाव लिहायची शिक्षा आठवली. ज्यावर लिहायचं आणि ज्यानं लिहायचं, दोन्ही एकाच बेटातून उगवलेलं असू शकतं.

कलमाचा तिसरा अर्थ, कायद्याचा, आमच्या भागात सगळ्यात जास्त बोचला. बांबू खरं तर गवत आहे. गहू-ज्वारीच्या कुळातलं. नाव देणाऱ्यालाही ते दिसत होतं, म्हणून त्यानं बोरू म्हटलं, आणि उंची पाहून पुढं झाड जोडलं. पण 1927च्या वन कायद्यानं त्याला सरळ झाडच धरलं. झाड म्हटलं की तोडायला परवाना, वाहून न्यायला परवाना. सूप, टोपली, ढोली विणणारा बुरड स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडतानाही भ्यायचा, कुठलं कलम लागेल म्हणून. 2006च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनोपज म्हटलं. आमच्यापासून फार लांब नाही, गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं 2011 साली आपल्या जंगलातल्या बांबूचा हक्क प्रत्यक्षात मिळवला. आणि 2017 साली कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून, निदान वनक्षेत्राबाहेर लावलेल्या बांबूपुरता, तो शब्द काढण्यात आला. नव्वद वर्षं एका गवताला झाड म्हटलं गेलं आणि त्यापायी माणसांचा रोजगार अडला. नावांचा अभ्यास हा रिकामपणाचा उद्योग आहे असं मला कुणी म्हटलं की मी बांबूचं उदाहरण देते.

सागाची गोष्ट उलटी आहे. टेक्टोना ग्रँडिस. ग्रँडिस म्हणजे भव्य, त्यात काही शंका नाही. टेक्टोना वाचलं की ग्रीक येणाऱ्याला लगेच टेक्टॉन आठवतो, म्हणजे सुतार. सागाला सुताराचं नाव, किती शोभतं! पण हे नाव आलं केरळातून. मल्याळम तेक्कु, त्यावरून पोर्तुगिजांचं तेका, त्याला लॅटिन शेपूट लावून लिनियसच्या मुलानं टेक्टोना केलं. आमच्या तेलुगूतही टेकुच. म्हणजे जे नाव पोरांना परदेशी म्हणून पाठ करायला देतात त्याचा गाभा इथलाच, द्राविडी. त्यावर ग्रीक सुताराची सावली पडली की पाडली, हा वाद मी पंडितांवर सोडते. मला त्या सावलीतच एक गोष्ट सापडली. टेक्टॉन आणि संस्कृतातला तक्षन् हे सख्खे शब्द आहेत, दोघांचा अर्थ सुतारच. आणि तक्ष् या धातूपासून मराठीत आला तो शब्द म्हणजे तासणं. वाकस घेऊन सागाचा ओंडका तासणारा आमच्या गल्लीतला सुतार, लाकडाचे लांब पिवळे तास पायाशी पाडत, तोंडानं तोच शब्द बोलतो जो अथेन्सचा सुतार बोलला असता. लक्कडकोट नावाच्या गावाशेजारी हे घडतं याचा मला फार आनंद होतो.

टेंभुर्णीकडे यायला उन्हाळा यावा लागतो. चैत्र-वैशाखात सगळं रान तेंदूपत्त्यासाठी जागं होतं. पहाटे बाया निघतात, पानं खुडतात, दुपारी सावलीत बसून पुडके बांधतात. महाराष्ट्रात एका पुडक्यात 70 पानं, आमच्या बाजूला 50. हद्दीवरच्या बाईला दोन्ही मोजण्या येतात, बोटंच मोजतात. त्या पानाचं झाड डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन. मेलास म्हणजे काळा. आपल्या कातडीतलं मेलॅनिन ते हेच. झायलॉन म्हणजे लाकूड, आणि मुळाकडून पाणी वर नेणाऱ्या ज्या नळ्यांना मराठी पुस्तकात जलवाहिनी म्हणतात त्यांचं झायलम हे नाव याच शब्दाचं. काळ्या लाकडाचं झाड. खरंच आहे, म्हाताऱ्या टेंभुर्णीचा गाभा कोळशासारखा निघतो. पहिला शब्द मात्र गोड आहे. डिओस पायरॉस, म्हणजे झ्यूस देवाचा गहू. ग्रीकांचं ते फळ वेगळं असणार, लिनियसनं नाव उचलून या प्रजातीला लावलं. पण झ्यूस म्हणजे आपला द्यौस्, आकाश. दिवस हा शब्द त्याच उजेडातला. उन्हाळ्याच्या भर दुपारी, घरातलं धान्य संपत आलेलं असताना, पिकून पिवळी झालेली टेंभरं खाऊन ज्यांनी दिवस काढले ती माणसं मी पाहिली आहेत. त्यांना त्या फळाला देवाचा गहू म्हणतात हे सांगितलं असतं तर ती नवल करणार नव्हती.

पळसाला पानं तीन, हे आपण सगळे म्हणतो. कुठंही जा, पळस तोच. त्याचं शास्त्रीय नाव ब्युटिया मोनोस्पर्मा. ब्युटिया हे ब्युटच्या एका उमरावाचं नाव, त्यात आपल्याला घेण्यासारखं काही नाही. मोनो म्हणजे एक. स्पर्मा म्हणजे बी, मुळात 'पेरलेलं ते'. पळसाची पापडी हातात घेऊन पाहा. वीतभरही लांब नाही, चपटी, लवदार, आणि सबंध शेंग रिकामी, फक्त टोकाला एक बी. म्हण करणाऱ्यानं पानं मोजली, शास्त्रज्ञानं बी मोजलं. तीन आणि एक. रॉक्सबर्गनं त्याला पानांवरूनच फ्रोंडोसा म्हटलं होतं, भरपूर पानांचा. पण लामार्कनं दिलेलं मोनोस्पर्मा आधीचं होतं, आणि आधीचं ते खरं, हा तिथला नियम. तेलुगूत त्याला मोदुग म्हणतात. एवढी नावं जमवूनसुद्धा फाल्गुनातल्या त्या शेंदरी पेटण्याबद्दल यातलं एकही नाव बोलत नाही. झाड नावापेक्षा मोठं असतं ते असं.

रॉक्सबर्गबद्दल मला आदर आहे, आणि एक दुखणंही आहे. त्यानं आपल्या नोंदींत झाडांची तेलुगू नावं टिपली. म्हणजे कुणीतरी ती त्याला सांगितली. त्या माणसानं रानात पुढं चालून झाड दाखवलं असेल, पान चुरगळून वास दिला असेल, साल कशावर लागते ते सांगितलं असेल. त्याच्याकडच्या भारतीय चित्रकारांनी अडीच हजारांहून अधिक चित्रं काढली. शिरा न् शिरा, केसर न् केसर. आज बिजाच्या शास्त्रीय नावामागं 'रॉक्सब.' असं लिहितात, ते कायम राहील. ज्यानं आधी येगी म्हटलं, बिजा म्हटलं, त्याच्यासाठी कुठलाच संक्षेप नाही. रॉक्सबर्ग 1815 साली गेला. त्यानंतर 1820पासून त्याचा 'फ्लोरा इंडिका' सेरामपूरला छापायला घेतला तो विल्यम केरीनं. हा तोच केरी, ज्यानं 1805 साली मराठीचं व्याकरण आणि 1810 साली मराठीचा कोश छापला. त्या कामात वैजनाथ पंडितांनी त्याला मदत केली, आणि निदान त्यांचं नाव तरी मागं राहिलं. माणसं शब्द देतात आणि पुस्तकं ते घेतात. देणाऱ्याचं नाव लिहायला एक ओळ पुरते.

आबाजी जाऊन बरीच वर्षं झाली. मी आता हद्दीच्या पलीकडे राहते आणि मुलांना जीवशास्त्र शिकवते. मराठी पुस्तकात मायटोकॉन्ड्रियाला तंतुकणिका म्हणतात. 1898 साली कार्ल बेंडानं भिंगाखाली धाग्यासारखं आणि दाण्यासारखं काही पाहिलं, मिटॉस म्हणजे धागा आणि कॉन्ड्रॉस म्हणजे दाणा हे दोन शब्द जोडले. आपल्या कुणीतरी ते सोडवून पाहिले आणि मराठीत पुन्हा तसेच ओवले: तंतू आणि कणिका. हे काम करणाऱ्याला मी मनातल्या मनात नमस्कार करते. त्यानं नाव ढापलं नाही की नुसतं उतरवून घेतलं नाही. त्यानंही भिंगात डोकावून पाहिलं. माझी मुलं तंतुकणिका हा शब्द ऐकून घाबरत नाहीत. मायटोकॉन्ड्रिया ऐकून घाबरतात, आणि मग मी धागा न् दाणा सांगितला की तेही सोपं होतं. ज्या पोराला घरात एक, शाळेत दुसरी आणि शेतात तिसरी भाषा लागते, त्याला चौथी भाषा जड नसते. जड असतो तो अर्थ काढून घेतलेला आवाज.

म्हणून राजुऱ्यापासून आसिफाबादेपर्यंत जिथं जिथं कुणी वनस्पतीशास्त्र शिकवत असेल, त्यांना माझी एक विनंती आहे. फाल्गुनात एक दिवस वर्ग रानात न्या. बिजाची एकेक चकती एकेकाच्या हातात द्या, उन्हासमोर धरायला सांगा, वाऱ्यावर सोडू द्या. मग विचारा, तुमच्या घरी याला काय म्हणतात. मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी, उर्दू, जी नावं येतील ती सगळी लिहून घ्या, आणि प्रत्येकापुढं ते सांगणाऱ्या पोराचं नाव लिहा. लॅटिन नाव सगळ्यात शेवटी लिहा. आणि एखाद्या मुलीनं ते वाचताना त्यातला 'प' मोठ्यानं म्हटला, तर तिला म्हणू द्या.